पन्नास वर्गणीदार होईपर्यंत

रविवार, ६ जून १९९९, बारामती

जूनमध्ये डायरी निम्म्या किमतीत मिळते. दुकानदाराला वाटतं निम्मं वर्ष वाया गेलं. माझं तर आत्ता कुठे सुरू झालंय, त्यामुळे मला हा सौदा परवडला.

पहिल्या पानावर माणसाने स्वतःबद्दल लिहावं म्हणतात, म्हणून लिहितो. मी कुंडलिक, वय तेहतीस. गाव सणसर, तालुका इंदापूर, राहायला बारामतीत कसब्यात दोन खोल्या. बायको द्वारका, मुलगी छकुली. एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात आठ वर्षं आवक-जावक लिहायचो. मग तिथे कॉम्प्युटर आला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला त्याच्यापुढे बसवलं. अक्षराचा आणि कॉम्प्युटरचा संबंध काय हे साहेबांनाच माहीत. पण त्या चुकीने मला इंटरनेट कळलं, आणि मार्चमध्ये मी नोकरी सोडली.

धंदा असा. आपल्या भागातली शिकलेली पोरं अमेरिकेत, दुबईत, सिंगापुरात गेली आहेत. दोन हजार साल उजाडताना जगातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे, ते दुरुस्त करायला तर गाडी भरून गेली. मागे आईबाप वस्तीवर. त्यांच्याकडे फोन नाही, लिहिता येत नाही. मी पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी जातो, बसतो, चहा पितो, "पोराला काय लिहू?" विचारतो, आजूबाजूला बघतो आणि घरी येऊन पत्र लिहितो. ते ई-मेलने जातं. शिवाय इंटरनेटवर माझं ‘गावची खबर’ नावाचं पान आहे. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुठल्या यात्रेत कुठला पैलवान पडला, हे सगळं त्यावर. पान फुकट, पत्राला वर्गणी. बातमीदार, संपादक, पोस्टमन आणि शिपाई मीच.

मराठी टाइप करून पाठवलं तर तिकडे नुसते चौकोन उमटतात. म्हणून मी हाताने लिहितो, कागद स्कॅनरवर ठेवतो आणि त्याचं चित्र पाठवतो. द्वारका प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावते. पोरं कळवतात की कुंकू बघून बरं वाटतं. अक्षराबद्दल कुणी कळवलेलं नाही अजून.

आता आबांचं लिहावं लागेल. आबा म्हणजे माझे वडील, सोनबा. पाडव्याला आम्ही सणसरला गेलो होतो. पारावर वीसेक माणसं बसलेली. मी नोकरी सोडल्याचं आबांना नुकतंच कळलं होतं. मी जवळ जाऊन बसलो, आणि आबा अख्ख्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पर्मनंट नोकरी सोडली, आन् आता लोकांच्या घरातल्या चुगल्या इकून पोट भरणार म्हणं." सगळे हसले. मी उठलो, द्वारका आणि छकुलीला एम-एटीवर बसवलं आणि जेवणाआधी निघालो. पुरण तसंच राहिलं.

त्या दिवशी ठरवलं. पन्नास वर्गणीदार झाल्याशिवाय सणसरच्या घरात पाय ठेवणार नाही. पन्नास झाले की त्याच पारावर जाऊन बसेन. आज अकरा आहेत.

शनिवार, १९ जून

आज डाळजला गेलो. दत्तोबा आणि दगडाबाई, मुलगा दीपक अमेरिकेत न्यू जर्सीला, तो बापाला तात्या म्हणतो. दत्तोबांकडून बातमी काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. "पोराला काय लिहू?" म्हटलं की एकच उत्तर, "बरं हाय लिव्हा." पाऊस? बरा हाय. तब्येत? बरी हाय. म्हैस? बरी हाय. म्हैस मागच्या आठवड्यात मेली हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

दगडाबाई चहा द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "त्यास्नी गुडघ्यानं उठता येत न्हाय, पर लिव्हू नगा. पोरगं तिकडं जीव टाकंल." मी काय लिहायचं मग? मी असं लिहिलं: तात्या आज बसूनच बोलले, सगळं बरं आहे म्हणाले. खोटंही नाही आणि खरंही नाही. या धंद्यात हे जमायला लागतं, आणि मला ते जमतंय असं वाटतं.

पहाटे पाचला उठून पत्रं पाठवतो. इंटरनेट पुण्याला एसटीडी लावून जोडावं लागतं आणि पहाटे दर कमी असतो. मोडेम कोंबड्याच्या आधी आरवतो. वर्गणीदार तेरा.

गुरुवार, ८ जुलै

आज बाजारात आबा दिसले.

भाजीच्या रांगेत, पंधरा पावलांवर. पाठमोरे होते, पण बापाची पाठ ओळखायला काय लागतं. खांद्यावर घोंगडी, हातात मिरचीची पिशवी. मी ठरवलेलं सगळं विसरून "आबा" अशी हाक मारली. वळले नाहीत. आणखी जवळ जाऊन पुन्हा मारली. भाजीवाली वळली, तिच्या शेजारची वळली, आबा तेवढे वळले नाहीत. तसेच पुढे गेले आणि गर्दीत मिसळले.

माणूस रागावतो हे समजतं. पण पोटच्या पोराची हाक कानावर पडून मान न वळवणं, याला राग म्हणत नाहीत. द्वारकाला सांगितलं. ती म्हणाली, ऐकू आलं नसेल, बाजारात किती कलकलाट असतो. तिचं मन मोठं आहे. तिला लोकांत चांगलंच दिसतं.

मीही आता हाक मारणार नाही.

मंगळवार, २७ जुलै

एकोणीस. नवा वर्गणीदार सिंगापूरचा, घर लासुर्ण्याचं. त्याने लिहिलं की मित्राने तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, मराठी न येणाऱ्यांनासुद्धा. मी हे वाक्य द्वारकाला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, दूध उतू जातंय.

छकुलीला शाळेत गोष्ट सांगण्यात पहिलं बक्षीस मिळालं. ती म्हणाली, आबांना सांगा. पोरीसाठी म्हणून मी राग गिळून सणसरच्या किराणा दुकानात फोन लावला आणि आबांना बोलवायला सांगितलं. दहा मिनिटांनी आबा आले. मी म्हटलं, "आबा, मी कुंडलिक." तिकडून, "कोण?" मी पुन्हा नाव सांगितलं. "कोण? कोण बोलतंय?" तिसऱ्यांदा सांगितलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

छकुली समोर उभी होती. मी तिला सांगितलं, आबा खूश झाले.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

दिवसभर वीज नाही. उद्याची सात पत्रं अडकली. दिवसभर मी धंदा म्हणून काय करतो याचा विचार करत बसलो, ही चांगली गोष्ट नाही.

सोमवार, १३ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

सत्तावीस वर्गणीदार. निम्म्याच्या पुढे गेलो.

धाकटा भाऊ दादासो आला होता. तो सणसरहून रोज मोटारसायकलवर एमआयडीसीत येतो, मी सोडलेल्याच प्रकल्पात कामाला आहे. आईने गव्हाच्या पिठाचे मोदक पाठवले होते. दादासो म्हणाला, "दादा, ह्या गणपतीला तरी यायचं हुतं. आई रोज इचारती." मी विचारलं, आणि आबा? तो म्हणाला, आबा आताशा फार चिडचिडे झालेत. पारावर जात नाहीत. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की शेजारचा महिपती रात्री भांडायला येतो. कुणी काही विचारलं तर भलतंच बोलतात आणि उठून जातात.

मी म्हटलं, बरोबर आहे. पारावर जाणार कुठल्या तोंडाने? लोक आता माझं पान इंटरनेटवर बघतात हे कळलं असेल. दादासो म्हणाला, सणसरात इंटरनेट कुणी बघितलेलं न्हाय.

इंदापूरची फेरी मी दर बुधवारी करतो. रस्ता सणसरवरून जातो. गाव जवळ आलं की मी एम-एटीचा कान पिळतो आणि उसाकडे बघतो. दादासोला हे सांगितलं नाही, पण त्याला माहीत असावं. गावातली पोरं बघतात आणि सांगतात.

मोदक चांगले झाले होते. द्वारका म्हणाली, सत्तावीसवर भागवा आता. मी म्हटलं, पन्नास म्हणजे पन्नास.

गुरुवार, ३० सप्टेंबर

आजचा दिवस माझ्या डोक्याचा म्हणायला हरकत नाही.

रंगीत चित्र जायला फार वेळ लागतो. एक पत्र पंधरा मिनिटं, मध्ये लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. सत्तावीस पत्रं म्हणजे चार-पाच पहाटा. काल सुचलं की स्कॅनर काळा-पांढरा लावून बघू. तीन मिनिटांत पत्र गेलं. फक्त कुंकू काळं उमटून कागद बरबटल्यासारखा दिसत होता. म्हणून द्वारकाला सांगितलं, या खेपेपासून हळदकुंकू नको.

ती चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "पितरांचा पंधरवडा चाललाय, आन् बिनकुंकवाचं पत्र?" मी म्हटलं वर ‘श्री’ आहे की, आणि अमेरिकेत कुंकू कोण बघतं. ती म्हणाली, बघतात म्हणून तर कळवतात. मी म्हटलं, धंद्यातलं मला कळतं.

सगळी सत्तावीस पत्रं एका पहाटेत गेली. उरलेल्या वेळात लाइन चालूच ठेवून इतर लोकांची पानं बघत बसलो. आठ वाजेपर्यंत. बारामतीतला एक माणूस जगभर फिरतोय असं वाटलं.

डाळजचं पत्र तेवढं आखूड झालं. दत्तोबा भेटले नाहीत, दगडाबाईही नव्हत्या, घराला कुलूप होतं. लिहिलं: या वेळी तात्यांची भेट झाली नाही, घर बंद होतं. जे खरं तेच लिहिलं.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

आज अक्षर वाकडं येतंय.

काल दुपारपासून फोन सुरू झाले. पहिला दुबईचा. "माझी आई गेली का?" एवढंच विचारलं त्याने. मी म्हटलं, अहो ती परवा मला थालीपीठ खायला घालत होती. तो रडायला लागला आणि मग शिव्या द्यायला लागला. म्हणाला, पत्र छापून घेतलं, कुंकू नाही बघितलं आणि जिन्यातच उभं राहून वाचलं. वाचून फाडून टाकलं. घरात नेलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मयताच्या पत्राला कुंकू लावत नाहीत. ते दारातच वाचतात आणि फाडतात. ही गोष्ट मला माहीत नव्हती का? आजोबा गेले तेव्हा पन्नास कार्डं मीच लिहिली होती, आणि आईने हळदकुंकवाचा करंडा मुद्दाम वर फळीवर ठेवला होता. पण स्कॅनरपुढे बसलो की मी दुसराच माणूस होतो.

लासुर्ण्याला पुण्याहून जीप भरून नातेवाईक आले. म्हातारी दळण घेऊन येत होती, तिने सगळ्यांना चहा केला. निमगावात एकाने मामाला पाठवलं, मामाने वाटेत पांढरी टोपी घेतली. हसू येतं आणि लाजही वाटते. एकेकाला समजावून सांगताना घसा बसला.

फक्त दीपकचा फोन आला नाही. मी मेल केली, उत्तर नाही. द्वारकाने हळदकुंकवाचा करंडा स्कॅनरशेजारी आणून ठेवला, आणि तेच जास्त लागलं.

शनिवार, २ ऑक्टोबर

दुपारी भिगवणच्या एसटीडी बूथवरून फोन आला. "दीपक बोलतोय. डाळजला या." एवढंच. मी डाळजपर्यंत गाडी कशी चालवली ते आठवत नाही. वाटेत एकच विचार, मारलं तर मार खायचा, हात उचलायचा नाही.

दीपकने बुधवारी संध्याकाळी, त्याच्या तिकडच्या वेळेने, पत्र बघितलं होतं. कुंकू नाही, तात्यांची भेट नाही, घर बंद. मला फोन लावला तर लाइन गुंतलेली. तासभर लावत राहिला. मी त्या वेळी जगभर फिरत होतो. मग त्याने ऑफिसात चिठ्ठी ठेवली आणि विमानतळ गाठला.

मी पोचलो तेव्हा तो अंगणात बाजेवर बसला होता, दोन दिवसांची दाढी, पायांत बूट तसेच. शेजारी दत्तोबा गुडघा चोळत बसलेले. दत्तोबा आणि दगडाबाई करमाळ्याला दत्तोबांच्या बहिणीकडे गेली होती म्हणे, काल रात्री परतली. मी हात जोडले. 

दीपक म्हणाला, "सोळा तास विमानात रडलो मी. शेजारच्या गोऱ्या बाईनं पाणी दिलं मला. मुंबईत उतरून टॅक्सी केली, वस्तीवर आलो, तर तात्या दारात. मला म्हणाले, टॅक्सी कुणाची रं?"

मग तो हसायला लागला, आणि हसता हसता पुन्हा रडला. दत्तोबा त्याच्याकडे बघत राहिले. जवळ घ्यावं की काय करावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी त्याच्या बुटांची नाडी सोडायला घेतली. गुडघा वाकत नव्हता तरी खाली बसले. दीपकला तेव्हा तो गुडघा दिसला. सगळ्या पत्रांत मी जे लिहिलं नव्हतं, ते त्याला एका मिनिटात दिसलं.

दगडाबाई मला पडवीत घेऊन गेल्या. मला वाटलं आता मी शिव्या खाणार. त्या म्हणाल्या, "तीन वरसं ह्याला बोलावतोय. कुंकू लावून धाडलेल्या पत्रानं आला न्हाय. बिनकुंकवाच्यानं तिसऱ्या दिशी दारात. तुमी वरसातनं एकदा आसंच लिव्हत जावा."

 त्या चेष्टा करत नव्हत्या.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

अकरा जणांनी पत्र बंद करा म्हणून कळवलं. सोळा उरले. त्यातल्या काहींनी अजून पत्र उघडलंच नसेल.

सगळ्यांना माफीचं पत्र लिहिलं, रंगीत. द्वारकाने चारही कोपऱ्यांना बोटं लावली. मी सांगितलं नव्हतं.

पन्नास आता होत नाहीत. हिशेब न करताही कळतं. दूध प्रकल्पाच्या साहेबांनी दादासोला विचारलं म्हणे, तुझा भाऊ परत येतो का? यायचं म्हटलं तर येता येईल. मग पाडव्याला आबा बोलले ते खरंच ठरेल. नाही गेलो तर सोळांवर घर चालत नाही. दिवसभर स्कॅनरची काच पुसत होतो. ती स्वच्छच होती.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

दीपक बारामतीला आला, तात्यांना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे दाखवायला. त्यांना दवाखान्यात बसवून माझी खोली बघायला आला. कॉम्प्युटर बघितला, स्कॅनर बघितला, वहीतल्या नोंदी चाळल्या. म्हणाला, "बंद करू नका हे. मी तिकडे आमच्या मंडळात सांगतो. फक्त यापुढे तात्या बसून बोलले की का बसून बोलले तेही लिहा." मी हो म्हटलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

मग चहा घेता घेता सहज विचारलं, तुमचं गाव कुठलं. सणसर म्हटलं. आईवडील? आहेत, तिथेच असतात. शेवटचं कधी गेला होतात?

मी म्हटलं, "परवाच जाऊन आलो."

आत द्वारकाने पातेलं जरा जोरात ठेवलं. दीपकच्या लक्षात आलं नाही. जाताना त्याने माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, नशीबवान आहात.

तो गेल्यावर ती बाहेर येऊन कप उचलू लागली. मी म्हटलं, बोल काय बोलायचं ते. ती म्हणाली, "सणसरला एम-एटीनं अर्धा तास लागतो," आणि कप घेऊन आत गेली.

ही डायरी खाजगी आहे म्हणून लिहितो. दुसऱ्यांच्या आईबापांच्या घरी मी किती वेळा चहा प्यायलो याच्या नोंदी वहीत आहेत. माझ्या आईच्या हातचा शेवटचा चहा कधी प्यायलो, त्याला तारीख शोधावी लागत नाही. आबांच्या बोलण्याचा राग अजून आहे. पण बाजारात ती मान वळली नाही त्याचं दुःख रागापेक्षा मोठं आहे. परत गेलो आणि परत मान वळली नाही तर? पन्नास वर्गणीदार हा खरं तर न जाण्याचा बहाणाच होता. आज पहिल्यांदा कळतंय.

बुधवार, १३ ऑक्टोबर

आज इंदापूरच्या फेरीला निघालो. सणसर आलं. कान पिळला नाही.

घराच्या अंगणात आबा लोकर कातत बसले होते, दाराकडे पाठ करून. आमची मेंढरं जाऊन पंधरा वर्षं झाली, पण ओळखीच्यांकडून लोकर आणून कातत बसायची त्यांची सवय गेली नाही. एम-एटीचा आवाज बैलाला जागं करेल एवढा. आबा वळले नाहीत. मी गाडी बंद करून उभा राहिलो. मनात म्हटलं, झालं, हेच व्हायचं होतं.

आई दारात आली. मला बघून तिने पदर तोंडाला लावला. मग आबांच्या अगदी समोर जाऊन, खाली वाकून, तोंड त्यांच्या कानाशी नेऊन ओरडली, "कुंडलिक आलाय."

आबांनी तेव्हा मान वळवली.

आईने मला चुलीपाशी नेऊन सांगितलं. गेल्या दिवाळीपासून ऐकू येणं कमी झालं, आता जवळजवळ काहीच येत नाही. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. दादासोलासुद्धा महिन्याभरापूर्वीच कळलं, आणि त्यालाही घातली. फोनवर पोराचा आवाज होता की दुकानदाराचा तेही कळलं नाही, घरी येऊन दिवसभर जेवले नाहीत. मी ते ऐकलं आणि बाजारातला तो गुरुवार, तो फोन, तो टीव्ही एकेक करत डोळ्यांपुढून गेला. सात-सात महिने मी या माणसावर रागावून बसलो होतो. अर्ध्या तासाच्या अंतरावर.

बाहेर आलो. आबांच्या समोर जमिनीवर बसलो. काय बोलावं? ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येणार नाही, आणि ओरडलो तर महिपतीच्या घरापर्यंत जाईल. हात रिकामे ठेवता येईनात, म्हणून नेहमीच्या सवयीने वही काढली, पेन काढलं. दुसऱ्यांच्या बापांपुढे बसतो तसाच बसलो होतो.

आबांनी वहीकडे बघितलं. कातायचं थांबवलं. मग म्हणाले, "लिव्ह."

आवाज मोठा होता. त्यांना तो लहानच वाटत असणार. मी तेव्हा वहीत उतरवलं तसंच इथे लिहितो, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"चिरंजीव कुंडलिकास. आमचं बरं हाय. उसाला पाणी दिलं. तुझ्या आईला तुझी लई आठवण येती. मला ऐकू येत न्हाय. म्हातारं झालं म्हणत्याल म्हणून कुणाला सांगितलं न्हाय. लिव्हलं का?

"पाडव्याला पारावर तुला बोललो. नोकरी सोडलीस ते मला पटलं न्हवतं. आजबी पटत न्हाय. पर ते तुझ्या एकट्याच्या कानात बोललो, आसं मला वाटलं हुतं. लोकं हसाया लागली, तवा मला कळंना का हसत्यात. तू उठून गेलास तवाबी कळलं न्हाय. घरी आल्यावर तुझी आई म्हणली.

"म्होरं लिव्ह. मेंढरं घेऊन कोकणात उतरलो की चार-चार म्हैनं घरची खबर न्हाय. तू जलमलास ते मला दीड म्हैन्यानं कळलं. तवा जर कुणी येऊन घरचं सांगितलं आसतं, तर मी त्याला एक मेंढरू दिलं आसतं. दोन दिली आसती. बस. खाली माझं नाव घाल."

मी नाव घातलं. अक्षर खराब आलं.

मग मी वही ठेवली आणि आबांच्या कानाजवळ तोंड नेलं. हळू बोलून काही उपयोग नव्हता. ओरडलो, "आबा, चुकलं माझं. सात म्हैने आलो न्हाय. माझं चुकलं." महिपती त्याच्या दारात येऊन उभा राहिला. रस्त्याने पाण्याचे हंडे घेऊन चाललेल्या बाया थांबल्या. मी आणखी एकदा ओरडलो.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वरडतोस कशाला," म्हणाले, "आलं की ऐकू."

आईने भाकरी वाढली. इंदापूरची फेरी आज राहिली.